तलावावरचं इंग्रजी भाषण

बाळांनो, गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही मला तिकडच्या एका नेत्याचं भाषण ऐकवलंत आणि विचारलंत, "आजी, हे लोक सारखं 'विथ द पीपल, फॉर द पीपल' का म्हणतात?" मी विषय बदलला. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलेल्या बाईला उत्तर येत नव्हतं असं नाही. तोंडानं सांगायची लाज वाटली, म्हणून लिहिते आहे.

निवृत्तीनंतर मी कर्जत तालुक्यातल्या आपल्या गावी आले, तेव्हा इथल्या बायका श्रमदानानं पाझर तलाव बांधत होत्या. घरटी एक जण, रोज सकाळी दोन तास. ऊसतोडीहून परतलेल्याही दुसऱ्या दिवशी घमेलं घेऊन हजर. माझ्या शेजारणीचं दगडाखाली सापडून नख गेलं, तरी तिनं एक खाडा केला नाही.

पाणी अडलं आणि ते पाहायला परदेशी पाहुणे येणार असं ठरलं. इथल्या एका पुढाऱ्यांनी स्वतःचं इंग्रजी भाषण मला लिहायला सांगितलं. मी लिहिलं, 'बिल्ट बाय द विमेन ऑफ धिस व्हिलेज'.

त्यांनी कागद वाचला. "बाई, हे 'बाय' नको. बायकांनीच बांधला म्हटल्यावर पाहुणे विचारतील, मग हा बाबा काय करत होता? 'फॉर द विमेन' करा. आणि 'अंडर माय लीडरशिप' कुठंतरी बसवा."

"आणि 'विथ'?"

"'विथ' घाला की चार ठिकाणी! त्याला काय जातंय?"

मी हसले. बदलायला पाच मिनिटं लागली. बांधणाऱ्या बायका त्या पाच मिनिटांत 'फॉर'मुळे नुसत्या घेणाऱ्या झाल्या, आणि 'विथ'मुळे फोटोत उभं राहण्यापुरत्या सोबत उरल्या. हे मला लिहितानाच कळत होतं. पहिल्या रांगेत माझी खुर्ची होती, शाल-नारळ मिळणार होता, तेही कळत होतं.

कार्यक्रमात बायका मागं सतरंजीवर बसल्या. भाषण संपल्यावर शेजारणीनं मला गाठलं.

"बाई, आमी दगड वाह्यले, ते सांगितलं का वो त्यान्ला?"

"सांगितलं."

"माझं नख गेलेलं बी?"

"गप ए! सायबाच्या भाषणात हिचं नख!" बाकीच्या खिदळल्या.

"बायकांनी बांधला, असं स्पष्ट सांगितलं," मी म्हणाले.

ती एकदम गंभीर झाली. "लई झालं. एवढ्या लांबच्या मानसांला कळलं."

तेव्हा खरं सांगता आलं असतं. त्या सतरंजीवर इंग्रजी कळणारं कोणी नव्हतं. तिला माझ्यावरच विश्वास ठेवावा लागत होता, आणि तिनं तो ठेवला.

आजही घरी पाहुणे आले की ती त्यांना तलावावर नेते. "आमचं काम इंग्रजीत सांगितलंय, ह्या बाईंनी लिव्हलंय," म्हणते. मी सोबत असले तर मीही होकाराची मान हलवते. पुढारी पुढची निवडणूक हरले, भाषणाचा कागदही कुठं राहिला नाही. माझं खोटं मात्र तिच्याजवळ अजून शाबूत आहे.