टेबलावरचा की मांडीवरचा

कॉनी हेडलुंड साधा सरळ माणूस. नॉरशोपिंग शहराच्या डेपोत ट्रामचे ब्रेक दुरुस्त करायचा, घरी येऊन कॉफी प्यायचा, कुणाच्या अध्यातमध्यात नसायचा. बायकोपासून, पर्निलापासून वेगळा झाला तेव्हाही आवाज चढवला नाही त्यानं. मुलगी एक आठवडा आईकडे, एक आठवडा बापाकडे. दर शुक्रवारी शाळा सुटली की घर बदलायचं. कॉनीच्या इमारतीतल्या निम्म्या पोरांचं असंच चालायचं. असा हा माणूस एका कंप्युटरपायी लबाड झाला.

मुलगी टूवा, चौदा वर्षांची. ती बाहुल्यांच्या फिल्म करायची. बाहुली केसभर हलवायची, फोटो काढायचा, परत हलवायची. शाळेनं दिलेला लॅपटॉप त्या कामाला पुरेना. कॅमेरा आईनं दिला होता, तेव्हा कंप्युटरची पाळी बापाची.

पण कॉनीच्या मनात निराळंच शिजत होतं. नाताळात टूवा बोलता बोलता म्हणाली होती, की आईकडून शाळा जवळ पडते, मैत्रिणी तिकडच्याच, कधीमधी जास्त दिवस तिकडं राहिलं तर? पोरीनं विषय तिथंच सोडला. बापाच्या डोक्यातून मात्र तो जाईना. आज जास्त दिवस, उद्या कायमचंच. आणि या वयाच्या पोरीला न्यायाधीशसुद्धा आधी विचारतो, बाई, तुला कुठं राहायचंय?

जुने कंप्युटर नीट करून विकणाऱ्या दुकानात तो गेला. पैसे बेताचेच. दुकानातल्या बाईंनी सरळ सांगितलं, एवढ्या पैशांत डेस्कटॉप झकास येईल. लॅपटॉपही येईल, पण फिल्म जोडायला बसलं की धापा टाकेल. मात्र तो कुठंही नेता येतो, तेवढं बघा. मुलगी एकाच घरी असते ना?

"एकाच," कॉनी म्हणाला. कान लालभडक झाले, तरी म्हणाला.

पर्निलाला कुणकुण लागताच तिचा फोन आला. माझ्याकडच्या आठवड्यात पोरीनं काय करायचं, हात जोडून बसायचं? कॉनी म्हणाला, लॅपटॉप रखडेल, नुकसान तिचंच होईल. बोलला ते खरंच होतं. म्हणून तर त्याच्या आड लपणं सोपं गेलं.

"कॉनी, तू कंप्युटर घेतोयस की पोरीला बांधायला खुंटा?" पर्निलानं विचारलं.

त्यानं फोन बंद केला. असं त्यानं आजवर कधी केलं नव्हतं.

डेस्कटॉप आला, टूवानं बापाला मिठी मारली आणि कामाला लागली. कॉनी दारातून तिच्या पाठीकडे बघत राहायचा. आता म्हणेल, बाबा, पुढचा आठवडाही इथंच राहू का? सोमवारी म्हणाली नाही, मंगळवारी नाही. गुरुवारी त्यानं वाटाण्याचं सूप आणि पॅनकेक केले, ते खाऊन ती परत कंप्युटरपाशी.

शुक्रवारी ती शाळेतून थेट आईकडे जायची. त्या शुक्रवारी दारात किल्ली फिरली आणि टूवा आत आली. कॉनी ताडकन उठला. राहतेय पोरगी! त्याला अगदी जिंकल्यासारखं वाटलं.

"बाबा, कंप्युटरचं खोकं कुठंय?" टूवानं विचारलं. "आईकडे न्यायचाय. फिल्म अर्धी राहिलीय."

खोकं त्यानं पहिल्याच दिवशी पुठ्ठ्याच्या कचऱ्यात टाकलं होतं. चुकून गेलं म्हणता आलं असतं. पण त्या खोटेपणाचा आता त्यालाच वीट आला होता.

"टाकलं मी. तू नेऊ नयेस म्हणून टाकलं."

टूवा दप्तरासकट पलंगावर बसली.

"मी यायची बंद होईन असं वाटतं तुला?"

"हो. रोज वाटतं."

"आईलाही वाटतं. हा कंप्युटर आल्यापासून ती रोज फोन करून विचारते, तू तिकडंच राहणार का म्हणून. तिकडं तिची समजूत काढायची, इकडं तुझी. मलाही भीती वाटते, बाबा. ती मी कुणाला सांगायची?"

कॉनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चौदा वर्षांच्या पोरीच्या गळ्यात आपण दोघं लोंबकळतोय, हे इतके दिवस कसं दिसलं नाही? तो टेबलाखाली वाकला आणि एकेक वायर काढायला लागला.

स्वतःच्या पांघरुणात कंप्युटर गुंडाळून त्यानं तो ट्राममध्ये मांडीवर घेतला. त्याचा स्क्रीन टूवानं धरला. पर्निलाच्या इमारतीपाशी आल्यावर तो नेहमी खालूनच परत फिरायचा, आज तीन जिने चढला. टूवानं घंटी वाजवली. पर्निलानं दार उघडलं, पोरीकडे पाहिलं, मग त्याच्या हातातल्या गाठोड्याकडे पाहिलं.

"कुठं ठेवू?" त्यानं विचारलं.

ती आत गेली आणि जेवणाच्या टेबलावरच्या ताटल्या उचलायला लागली.