चोवीस जणांची सुई

औषध तपासणीच्या सरकारी प्रयोगशाळेत सगळे तिला ताई म्हणत, वयाने मोठे असलेले साहेबसुद्धा. बोलायला मऊ, पण कामात नाकासमोर चालणारी. तिच्या अहवालात खाडाखोड सुचवायची कुणाची छाती नव्हती.

इथे येण्याआधी ती एका चाचणी केंद्रात रक्त काढायचं काम करायची. एखादी कंपनी जुन्या औषधाची स्वस्त गोळी काढणार असली, की ती मूळ गोळीइतकीच रक्तात उतरते का, हे बघायला चोवीस धडधाकट माणसं आणून खाटांवर झोपवत. गोळी गिळली की दिवसभर घड्याळ लावून रक्त. त्यात एकदा एक सुतार आला होता, हाताला काम नाही म्हणून. दंडाला पट्टा बांधला की तो डोळे गच्च मिटायचा आणि वर म्हणायचा, "मी घाबरत नाही हं, फक्त बघत नाही." त्याची शीर काही केल्या सापडेना. तिसऱ्यांदा सुई टोचताना ताईच्याच डोळ्यांत पाणी आलं.

"अहो, तुम्ही का रडताय? हात माझा आहे," तो म्हणाला.

चाचणी संपली आणि महिन्याभराने स्वारी केंद्राच्या दारात हजर, ताईसाठी स्वतः घडवलेलं स्टूल घेऊन. पुढचं काय सांगायचं! वर्षाच्या आत लग्न झालं.

त्याला सव्वीस वर्षं उलटल्यावर ती फाइल तिच्या टेबलावर आली. हिवतापाची गोळी. कंपनीचा अर्ज होता की हे औषध चटकन विरघळणारं आहे, तेव्हा माणसांवरची चाचणी माफ करा, काचेच्या भांड्यातली पुरे. नियमात तशी सवलत होती, पण अट कडक. पोटातल्या आम्लासारख्या, त्याहून सौम्य आणि आतड्यातल्यासारख्या अशा तीन द्रावणांत, अंगाइतक्या उबेत, पंधरा मिनिटांत औषधाचे शंभरातले पंच्याऐंशी भाग तरी विरघळायलाच हवेत.

संध्याकाळी चहा पिताना तिने घरी सांगितलं.

"म्हणजे आता कुणाला टोचायचंच नाही?" नवरा गंभीर चेहरा करून म्हणाला. "मग आमच्यासारख्यांची लग्नं कशी जमायची?"

ताईला हसता हसता ठसका लागला.

पहिल्या दोन द्रावणांत गोळ्या बघता बघता विरल्या. तिसऱ्यात मात्र भांड्याच्या तळाशी पांढरा ढीग बसून राहिला. पंधरा मिनिटांनी आकडा आला एकाहत्तर. ताईने द्रावण नव्याने बनवलं, भांडी पुन्हा घासली, दुसऱ्या डब्यातल्या गोळ्या घेतल्या. आकडा बहात्तर.

"थोडक्यात राहिलंय हो," साहेब हळहळले. "तिकडे तापाची साथ आहे, दवाखान्यांत गोळ्या नाहीत."

"मला का ते कळत नाही, साहेब?" एवढंच म्हणून ताईने लिहिलं : सवलत देता येणार नाही.

घरी आली तेव्हा नवरा एका दाराला पॉलिश पेपर मारत होता. ती पायरीवर बसली. "माझ्यामुळे आता चोवीस जण खाटेवर पडणार. मलाच सगळ्यात जास्त वाटत होतं, ही गोळी सुटावी म्हणून."

त्याने हातातलं काम ठेवलं आणि शेजारी येऊन बसला. "तुझ्यामुळे कसं? गोळीमुळे. तापाने फणफणलेल्या लेकराच्या पोटात ती अशीच बसून राहिली असती तर? मी तेव्हा निर्धास्त झोपायचो तो तुझ्या भरवशावर. तू आकडा वाढवून लिहिणार नाहीस, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

 ती त्याच्या खांद्यावरचा भुसा बराच वेळ झटकत राहिली.

कंपनीने माणसं बोलावलीच नाहीत. पावडर बांधून ठेवणारा चिकट घटक बदलला आणि पाच महिन्यांनी नवी गोळी पाठवली. ताईने बारा गोळ्या तपासल्या. तिसऱ्या द्रावणात दहाव्या मिनिटाला तळ स्वच्छ. तरी तिने दुसऱ्या दिवशी सगळं पहिल्यापासून करून पाहिलं, मगच सही केली. सवलत मंजूर झाली.

त्या दुपारी तिने नोकरीत पहिल्यांदाच अर्ध्या दिवसाची रजा मागितली.

"काय विशेष?" साहेबांनी विचारलं.

"ह्यांना सांगायचंय."

"मग फोन करा की."

"फोनवर नाही सांगता यायचं," ताई म्हणाली आणि पर्स उचलून चालू लागली.

नवरा कारखान्यात खिडकीची चौकट मापत होता. तिला भरदुपारी दारात बघून आधी घाबरलाच. मग तिचा चेहरा पाहिला, कानावरची पेन्सिल काढून फळीवर ठेवली आणि म्हणाला, "झालं ना? चल, आज काम बंद."

दोघं मुद्दाम लांबच्या रस्त्याने घरी गेले.