झनके साहेबांच्या दोन रांगा

झनके साहेबांचं यंत्र मुंबईला होतं आणि साहेब आमच्या शेतकी फार्मवर. म्हणून यंत्राच्या जागी ते आम्हाला उभं करायचे. आम्ही कापूस वेचायला आलेल्या बाया, कमरेला ओटी बांधलेली, डोक्याला फडकं. साहेब खळ्यात काठीने रेघ ओढायचे आणि म्हणायचे, "बायाहो, आता अर्धा घंटा तुम्ही यंत्र व्हा."

"यंत्राले काय करा लागते सायेब?" आमच्यातली सगळ्यात म्हातारी अंजनाबाई विचारायची.

"सांगतलं तेवढं करा लागते. सोचा लागत नाही."

"मंग जमते मले. माही सासू बी जलमभर हेच सांगत होती."

साहेब सगळ्यांत आधी हसायचे. हसले की त्यांचा चष्मा नाकावरून घसरायचा आणि तो सावरताना हातातला खडू गालाला लागायचा. दिवसभर ते तसेच पांढऱ्या गालाने हिंडायचे. कोणी सांगायचं नाही. मीही सांगितलं नाही.

ही महाराष्ट्र नवा होता तेव्हाची गोष्ट. राज्य होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. आमचं गाव मोताळा तालुक्यात, धामणगाव बढ्यापासून दोन कोसांवर. साहेब संग्रामपूरकडचे, शेतकऱ्याच्याच घरचे. शिकून साहेब झाले, मग सरकारने त्यांना सहा महिने मुंबईला पाठवून आकडेमोडीच्या यंत्राला कसं लिहायचं ते शिकवून आणलं. त्या लिहिण्याला प्रोग्राम म्हणत. "यंत्राले लिवलेलं पत्र समजा," ते सांगायचे. "फक्त त्यात रामराम नाही, आन् मनातलं ओळखून घे असं म्हणता येत नाही." ते चौकटीच्या कागदावर एका चौकटीत एक अक्षर लिहीत. कागद टपालाने मुंबईला जात. तिथे पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडून त्या यंत्रात घालत, आणि महिन्याने उत्तर येई. उत्तराचा कागद पासोडीएवढा रुंद, कडेला भोकं. पत्रात एक चूक असली तर महिना वाया. म्हणून कागद पाठवण्याआधी साहेब तो आमच्यावर चालवून बघत.

बाकीचे साहेब लोक हसत. एकाने तर तोंडावर विचारलं, की बाया नाचवून शेती सुधारणार का? झनके साहेब म्हणाले, "सुधारीन का नाही ते माईत नाही. पण मुंबईच्या यंत्रापेक्षा ह्या लवकर उत्तर देतात."

त्या वर्षी फार्मवर कपाशीचे चोवीस लहान प्लॉट होते आणि बियाण्याच्या चार जाती. पहिल्या प्लॉटात पहिली जात, दुसऱ्यात दुसरी, चौथ्यानंतर पुन्हा पहिली. असं सहा वेळा. आता यंत्राला चोवीस नावं कशाला लिहायची? साहेबांनी चारच लिहिली आणि सांगितलं, की एक रांग लांब आहे, एक आखूड. आखूड रांग सरली की पुन्हा पहिल्यापासून घे.

हे आम्ही खळ्यात करून पाहिलं. बारा जणी प्लॉट झालो, हात पुढे करून उभ्या. चौघी जाती झाल्या, हातात बोरं. त्यांनी पहिल्या चौघींना एकेक बोर दिलं, मग पळत पुढच्या चौघींकडे, मग त्यांच्या पुढच्या चौघींकडे. अंजनाबाई तिसऱ्या फेरीला मटकन खाली बसली.

"सायेब, यंत्राचा दम गेला."

"यंत्राले दम नसते, अंजनाबाई."

"मंग दुसरं यंत्र आणा. ह्या यंत्राच्या गुडघ्यात वात हाय."

हसून हसून रांग मोडली. बोरं आम्ही खाल्ली. साहेबांनी वहीत लिहिलं, बरोबर चालते.

या साहेबांची एक गोष्ट मला तेव्हाही पटली होती. ते हुशार होते, पण आपण हुशार आहोत हे दाखवायला कधी आले नाहीत. मी चौथी पास. बायांत लिहिता येणारी मी एकटी. त्यांनी माझं अक्षर बघितलं आणि वजनाचा कागद मला दिला. काट्यावर कापूस चढला की आकडा लिहायचा, एकाखाली एक. "पलाटाचा नंबर टाकू नका," ते म्हणाले. "नंबर यंत्र आपल्या मनानं लावते. तुम्ही फक्त रांग धरा." आमच्याकडे पाऊस लवकर सरतो. पहिल्या वेचणीत भरून देईल तीच जात कामाची, म्हणून साहेबांना पहिल्याच वेचणीचं वजन हवं होतं.

आता मी काय केलं ते सांगते.

वेचणीच्या पहिल्या दिवशी आमच्याकडे सीतादही करतात. शेतात पाच खडे मांडायचे, हळदकुंकू लावायचं, दहीभात ठेवायचा, आणि समोरच्या झाडांचा कापूस देवीचा म्हणून काढायचा. त्याच्या वाती होतात. तो काट्यावर चढवत नाहीत. शेतात दोन-चार झाडं देवीची असली तर कोणाला काही वाटत नाही. पण फार्मचे प्लॉट म्हणजे दोन-दोन ओळींचे. अंजनाबाईने तिसऱ्या प्लॉटापाशी खडे मांडले, बायांनी गाणी म्हणत ओट्या भरल्या, आणि बघता बघता तिसरा प्लॉट अख्खा देवीचा झाला. साहेब त्या दिवशी बुलढाण्याला गेले होते.

काट्यावर पहिला चढला, दुसरा चढला, आणि मग चौथा. तिसरी रेघ मोकळी सोडायचं मला सुचलं नाही असं नाही. सुचलं. पण मोकळी रेघ दिसली की साहेब विचारणार, आणि मग देवीचं सांगावं लागणार. सरकारी कापूस वाटून खाल्ला म्हणून सगळ्या बायांचा रोज जाईल अशी मला भीती वाटली. म्हणून चौथ्याचं वजन मी तिसऱ्या रेघेवर लिहिलं, पाचव्याचं चौथ्या, आणि तसंच खालपर्यंत. कागद छान दिसत होता. साहेबांनी अक्षराचं कौतुकही केलं.

महिन्याने मुंबईहून उत्तर आलं. साहेब सायकल तशीच खाली टाकून आमच्याकडे आले आणि सगळ्यांना गूळ-फुटाणे वाटले. म्हणाले, पहिली जात जिंकली. निकाल बुलढाण्याला पाठवलासुद्धा. परवा तिथे मीटिंग आहे, आणि येत्या मृगाला सगळ्या तालुक्यात हेच बियाणं वाटणार.

माझा फुटाणा तोंडातच राहिला. पहिली जात मी माझ्या हाताने वेचली होती. तिचं बोंड सुपारीएवढं, पुरतं उमलायचं नाही, कापूस ओढताना नखात कुसं जायची. दुसरीचं बोंड मुठीएवढं, हात लावला की कापूस हातात. आमच्या घरचे सहा एकर होते. दिराने फार्मचंच बियाणं पेरायचं ठरवलं होतं. आमचंच काय, गावोगावचे लोक पेरणार होते.

मी कचेरीत गेले. जाताना वाळलेल्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या झाडांच्या, दोन फांद्या मोडून नेल्या आणि टेबलावर ठेवल्या.

"सायेब, तुमचं यंत्र खोटं बोलून राह्यलं."

"यंत्र खोटं नाही बोलत, गोदाबाई. त्याले तेवढी अक्कल नाही."

"ही पहिली, ही दुसरी. हात लावून पाहा. ही पहिली येईनच कशी?"

त्यांनी दोन्ही फांद्यांची रिकामी बोंडं चिमटीत धरून बघितली. मग तो रुंद कागद उघडला. बराच वेळ बघून म्हणाले, "नवलच हाय. चोवीसव्या पलाटाचं वजन पहिल्याएवढंच. तोळ्यामाशाचा फरक नाही."

मी सांगून टाकलं. देवी, खडे, वाती, रेघ, सगळं. आता मला हाकलतील, हे धरूनच सांगितलं.

त्यांनी काऊन केलं म्हणून विचारलं नाही. एवढंच विचारलं, "कितवा पलाट?"

"तिसरा."

"तिसराच? पक्कं?"

"देवीची आन."

मग त्यांनी माझा कागद काढला आणि बोट ठेवून रेघा मोजल्या. तेवीस भरल्या. परत मोजल्या. तेवीसच. त्यांनी कपाळावर हात मारला. "आखूड रांग सरली का पहिल्यापासून घे, असं म्याच सांगतलं होतं. जातींसाठी सांगतलं, त्यानं वजनाले बी लावलं. पहिल्या पलाटाचं वजन उचलून चोवीसव्याले देऊन टाकलं. आन् मधातली सगळी वजनं एकेक पलाट वर सरकली. दुसऱ्या जातीचा कापूस पहिलीच्या नावानं चढत गेला, गोदाबाई! आन् यंत्र गुमान. काऊन का म्या त्याले दोन्ही रांगा मोजून पाहा असं सांगतलंच नाही!"

आणि हा माणूस हसायला लागला. मला वाटलं, डोकं फिरलं. "एका देवीनं," ते म्हणत होते, "एका देवीनं मुंबईचं यंत्र लोळवलं!"

मुंबईला परत लिहायला वेळ नव्हता. आम्ही कचेरीच्या फरशीवर खडूने चोवीस घरं आखली. तिसरं घर आलं तेव्हा मी म्हटलं, "शून्य लिवू का?"

"नाही. शून्य लिवलं तं तिसऱ्या जातीवर अन्याव होते. शून्य म्हणजे वेचलं आन् काही निंगालं नाही. हे तं आपण मोजलंच नाही. मोकळं ठेवा. आन् तिसऱ्या जातीले सहानं नाही, पाचानं भागा."

पाचाने भागायचं माझं चौथीतलं होतं. भागलं. अंजनाबाई दारातून आत डोकावली आणि म्हणाली, "काय वं, सायेबानं तुले फरशी पुसाले लावली का?" दिवे लागायच्या आधी उत्तर निघालं. दुसरी जात पहिली आली, आणि चांगल्या अंतराने आली. पहिली जात सगळ्यांच्या खाली.

मीटिंगच्या दिवशी पहाटेच्या एसटीने आम्ही बुलढाण्याला निघालो. साहेब म्हणाले, तुम्ही चलाच. मीटिंगमध्ये मी दाराशी बसले. मोठे साहेब देशावरचे, कडक इस्त्रीचे. झनके साहेब उभे राहिले आणि म्हणाले, "म्या पाठवलेला निकाल चुकला. पहिली जात नाही, दुसरी."

"यंत्राचा निकाल चुकतो कसा?"

"यंत्र नाही चुकलं सायेब. म्या त्याले दोन रांगा देल्या, एक लांब, एक आखूड, आन् मोजल्या नाहीत. चूक माही."

"ती रांग आखूड का झाली?"

झनके साहेब चष्मा पुसायला लागले. माझं नाव घ्यायला त्यांची जीभ वळेना, हे मला दिसलं. मी उठले. "एका पलाटाचा कापूस आम्ही देवीले देला आन् म्या कागदावर लपवलं. चूक माही बी हाय."

सगळे वळून बघायला लागले. मोठ्या साहेबांनी विचारलं, "रोजंदारीच्या बाईला आकडे लिहायला कोणी बसवलं?"

"म्याच," झनके साहेब म्हणाले. "आन् पुढच्या साली बी ह्याच लिवतीन. पहिली जात भिकार हाय, हे कागद पाहून आपल्यापैकी कोणाले समजलं, सांगा बरं? यायले समजलं."

खोलीत कोणीतरी हसलं, मग सगळेच. मोठे साहेब हसले नाहीत, पण दुसऱ्या जातीच्या कागदावर सही केली. झनके साहेबांना मात्र निष्काळजीपणाबद्दल लेखी समज मिळाली. परतताना एसटीत त्यांनी ती मला वाचून दाखवली, आणि त्यातल्या तीन शुद्धलेखनाच्या चुका.

मृगाला दुसरी जात पेरली गेली. आमच्या सहा एकरांत त्या साली कापूस ठेवायला जागा पुरली नाही. दीर म्हणाला, फार्मचे साहेब देवमाणूस आहेत. मी म्हटलं, नाही, मोजणारा माणूस आहे.

साहेबांची पुढे बदली झाली. ते वारले, त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. मी रडले नाही. रडण्यासारखं त्यांनी माझ्याजवळ काही ठेवलंच नाही. आठवतो तो त्या मीटिंगच्या पुढच्या वर्षीचा वेचणीचा पहिला दिवस. फार्मवर प्लॉट पंचवीस होते. शेवटचा नवा, बांधाच्या कडेला. बुलढाण्याहून तपासणीला आलेल्या एका साहेबाने नकाशावर बोट ठेवून विचारलं, "चार जातींचे चोवीस होतात. हा पंचविसावा कसला?"

"तो रांगेत नाही," झनके साहेब म्हणाले. "तो देवीचा. चला, दहीभात तयार हाय, गरम होऊन आंबून जाईन." आणि पॅंट वर खोचून ते अंजनाबाईशेजारी मातीत मांडी घालून बसले.