शिवेत पडलेला वैमानिक

मी लेखक नाही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, पण आयुष्यभर लिहिले ते जबाब आणि पंचनामे. त्यामुळे हे लिहायचं धाडस करतोय याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. नोकरीतली एखादी हकीकत सांगा, असं कोणी म्हटलं की मला हीच आठवते, आणि सांगताना मान वर होत नाही.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. मी गिरणाकाठच्या एका ठाण्यात फौजदार होतो. सरावाला निघालेलं एक लष्करी विमान एरंडोलच्या बाजूला टेकडीवर कोसळलं. दोन वैमानिकांपैकी एकाचा मृतदेह अवशेषांत मिळाला, दुसरा बेपत्ता. लष्कराचे लोक शोधून परत गेले. मग आमच्या खबऱ्यानं बातमी आणली, की नदीकाठच्या एका गावात बैलगाडीत पांढऱ्या रेशमाचं भलंमोठं कापड दिसलं होतं. ते पॅराशूटच असणार. तेव्हा साधं कापडही रेशनवर मिळायचं. मी चोरीचा संशय धरला आणि गाडीवाल्या तरुण शेतकऱ्याला ठाण्यात आणलं.

कापड कुठे ठेवलं, ते तो सांगेना. हवालदार म्हणाला, "काय रे, बायकोला रेशमी चोळ्या शिवल्यास का?"

"मनी बायको लुगडाले ठिगळ लावस, साहेब. घर दखी ल्या."

घराची झडती घेतली, काही मिळालं नाही. संध्याकाळी तो एवढंच म्हणाला, "सकाळे नदीवर जाऊ द्या माले. मंग कितीबी दिन कोंडा."

माल वाळूत पुरला असणार, तो हलवायचाय, असं मी ताडलं आणि त्याला कोठडीतच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी त्याचा बाप भाकरी घेऊन आला. दोघांना समोरासमोर बसवलं तेव्हा माझं लक्ष गेलं. म्हाताऱ्याच्या झुपकेदार मिशा जागच्या जागी, आणि मुलाचं डोकं नि मिशी सफाचट. आमच्याकडे बाप जिवंत असताना कोणी मिशी उतरवत नाही. शेतकऱ्याच्या पोटी जन्मलो, तरी हे मला आदल्या दिवशी दिसलं नव्हतं.

"आबा, घरात कोण गेलं?"

म्हाताऱ्यानं भाकरीचं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाला, "मीच त्याले सांगं, मिशी काढ. कोना तरी पोऱ्या व्हता तो, साहेब. आमना शिवमा पडना. त्यानं क्रियाकरम करनारं आठे कोन व्हतं?"

"आणि कापड?"

"त्यामाच गुंडाळीसन त्याले अग्नी दिन्हा आम्ही. दुसरं कापड कोठे भेटस आते?"

"मग ठाण्यात का नाही सांगितलं?"

"सांगतूत ते तुम्ही म्हनतात, त्याले तुम्हीच मारी टाकं."

त्या दिवशी त्या वैमानिकाचा दहावा होता. मी दोघांना घेऊन नदीवर पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. चितेच्या राखेत पॅराशूटच्या पट्ट्यांच्या लोखंडी कड्या सापडल्या. मुलानं पिंड ठेवला. कावळे झाडावर बसून राहिले, खाली एकही येईना.

आबा म्हणाले, "त्याना जीव मायमा अटकना व्हई. साहेब, तुम्ही बोला."

नदीवर जमलेलं सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. मी हात जोडून म्हणालो, "तुझ्या आईला मी कळवीन." थोड्या वेळानं कावळा शिवला.

बापलेकांना मी सोडून दिलं. लष्करी अधिकारी कड्या घ्यायला आला तेव्हा मी वैमानिकाचं नाव, पत्ता विचारला. तो म्हणाला, "ते वरून कळवतील." आमचे वरिष्ठ म्हणाले, "लष्करी बाब आहे, फार खोलात जाऊ नका." मी गेलो नाही. पडल्यावर चेहऱ्याची ओळख राहिली नव्हती असं आबा म्हणाले होते, पण कोणी गोराच असेल हे मी धरूनच चाललो होतो. त्याची आई साता समुद्रापलीकडे, तिला मी काय कळवणार, अशी समजूत घातली मनाची.

लढाई संपल्यावर भुसावळ स्टेशनवर त्या लष्करी अधिकाऱ्याच्या कचेरीतला कारकून भेटला. मी विषय काढला.

"गोरा कसला? दोघंही आपलेच होते," तो म्हणाला. "तुमचा तो अकोल्याचा. आईला बेपत्ता एवढंच कळवलंय. जपान्यांच्या कैदेतून सुटला का, म्हणून बाई अजून विचारायला येते."