डोळ्याच्या आतला फोटो

पेशंटची हनुवटी मशीनवर टेकली की ताई खाली वाकून म्हणायच्या, "हालू नको माय. आतमंदी काय चालू हाय, मले पाहू दे." समोर मिशाळ ट्रकवाला असला तरी तोही त्यांचा 'माय'च.

यवतमाळच्या आमच्या दवाखान्यात मी चष्म्याचे नंबर काढायचो आणि त्या डोळ्याच्या पडद्याचे फोटो. वणीला वडिलांच्या स्टुडिओत निगेटिव्ह धुता धुता त्यांचं लग्नाचं वय निघून गेलं होतं. लोकांचे हसरे फोटो त्यांना आवडत नसत. "डोयाच्या आतून कोनाले खोटं हासता येत नाही," म्हणायच्या.

कपाशीची ती वाईट वर्षं. बोंडअळीपायी फवारण्या वाढलेल्या. डोळा लाल झाला की घरचेच निदान करून आणत, औषध उडालं! ढाणकीजवळच्या तांड्यावरची एक बाई अशीच आली. थेंबांनी लाली गेली, पण दिसणं कमी होत चाललेलं. "मले माह्या लेकीचं तोंड धुकट दिसते," ती म्हणाली.

डॉक्टरांनी शिरेतून पिवळा रंग देऊन फोटो काढायला सांगितले. रंग रक्तातून पडद्यापर्यंत पोचला की तिथल्या शिरा चमकतात. पाच मिनिटांचे फोटो झाले. कॅमेऱ्यातून वावगं काही दिसलं नाही.

"झालं, सोडा तिला," डॉक्टर म्हणाले.

"थांबा साहेब. शिरांच्या कडा पुसट होऊन राह्यल्या."

"ताई, बाहेर चाळीस माणसं बसलीत."

"बसू द्या."

आणखी पाच मिनिटं थांबून त्यांनी शेवटचे चार फोटो घेतले. फिल्म धुतली, वाळवली आणि खिडकीशी धरून मला हाक मारली. "हे काहून पाझरून राह्यलं?"

ओल्या कागदावर शाई फुटावी, तसा रंग शिरांबाहेर झिरपला होता. डॉक्टरांनी भिंग लावून पाहिलं. फवारणीचा काही संबंधच नव्हता. शिरांनाच आतून सूज होती. पुढच्या तपासण्यांत मूळ सापडलं, क्षयरोग. कित्येक महिन्यांचे उपचार सुरू झाले. निदान पक्कं झालं त्या दुपारी डॉक्टर स्वतः ताईंसाठी चहा घेऊन गेले.

ते उपचार संपायच्या आत ताईंनाच दम लागू लागला. त्या वणीला भावाकडे गेल्या, त्या परत आल्या नाहीत. फोटो मी काढू लागलो, त्यांनीच शिकवलं होतं.

ती बाई शेवटच्या तपासणीला आली तेव्हा म्हणाली, "आता लेकीच्या गालावरचा तीळबी दिसते. फोटोवाल्या बाईले सांगजा." मी तिच्या जास्त बिघडलेल्या डाव्या डोळ्याचा नवा फोटो वणीला पाठवला.

आठवड्याने पोस्टकार्ड आलं. 'डावा पाहिला. निर्मळ हाय. उजवा काहून नाही पाठवला?'

मी त्याच दिवशी उजवा पाठवला. उत्तर आलं ते त्यांच्या भाच्याचं. ताई गेल्या होत्या. माझं पाकीट फोडलेलं होतं का, एवढंच मी उलट टपाली विचारलं.

त्याने लिहिलं, फोडलेलं होतं.