न फाटलेलं वेष्टन

माझी भावजय ग्लेनिस इंग्लंडात ग्रिम्सबी बंदरात व्हेपच्या, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या सिगारेटींच्या, दुकानात काम करते. गिऱ्हाइकांच्या बॅटऱ्यांची फाटकी वेष्टनं सोलायची, नवं प्लास्टिक चढवून गरम हवेनं आवळायचं. उभं राहून पाय सुजतात. घरी आल्यावर पुन्हा तेच, कारण घरी माझा भाऊ कीथ.

कीथनं जन्मभर गोदीवर मासे कापले आणि सिगारेटी ओढल्या. छाती भात्यासारखी वाजायला लागली, डॉक्टरांनी दम भरला, तेव्हा कुठे तो व्हेपवर आला. तेही पितळी नळीच्या. आत बॅटरी, वर रस तापवणारी तार, बस्स. काही बिघडलं तर आपोआप बंद पडायची सोय नाही. वेष्टन फाटून धातूला धातू लागला, की बॅटरी तापून फुटते. ग्लेनिसनं सुरक्षित, साधं यंत्र आणून दिलं, तर म्हणे, "हे पोरांचं खेळणं." आमच्या घराण्यात हट्टाला औषध नाही.

"किल्ल्यांबरोबर खिशात टाकू नकोस रे, मांडी भाजेल!" ती ओरडायची.

"मांडीच ना? मला कुठे नाचायला जायचंय!"

म्हणून रोज सकाळी, चहाच्या आधी, ती त्याची बॅटरी काढून कडेनं नख फिरवायची. चरा लागला की नवं वेष्टन. मला तिची दया यायची आणि भावाचा संताप.

या वसंतात मात्र चरे थांबले. मी रविवारी जेवायला गेले तेव्हा ती म्हणाली, "सुधारला गं तुझा भाऊ. किल्ल्यांबरोबर टाकत नाही आता." किती दिवसांनी तिच्या दमलेल्या चेहऱ्यावर हसू दिसलं. कीथ परसात होता, नळी टेबलावर. "सकाळपासून ओढतोय, उतरली असेल," म्हणत तिनं बॅटरी चार्जरला लावली. दिवा लगेच हिरवा झाला. तिनं काढून पुन्हा लावली. पुन्हा हिरवा.

बॅटरी भरलेली होती, म्हणजे वापरलेलीच नव्हती. ग्लेनिसनं ती नळीत घातली आणि बटाटे तसेच शिजत ठेवून नळी घेऊन परसात गेली. मी तिच्या मागोमाग.

कीथ शेडमागे सिगारेट ओढत उभा होता.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"ईस्टरपासून." त्याला खोकला आवरेना. "रोज सकाळी ती बॅटरी हातात घेऊन बसायचीस. तुझा चेहरा बघवेना गं. म्हटलं, निदान तुझ्या जिवाचा घोर तरी जाईल."

ग्लेनिस पालथ्या बादलीवर बसली. मी तिच्या जागी असते तर एक ठेवून दिली असती. मग तिनं उठून त्याच्या बोटांतली सिगारेट काढली, चपलेखाली विझवली आणि नळी त्याच्या हातात दिली.

"हेच ओढ," ती म्हणाली. "बॅटरीला भ्यायला मी आहे."