न जळणारी वात

"पह्यले भिजवा, मंग हात लावा," असं गोजरबाई म्हणाली, तेव्हा जिनातली माणसं हसली.

चिखलीकडच्या एका जुन्या जिनाचं, कापसातली सरकी काढायच्या कारखान्याचं, बॉयलरघर मोडायला घेतलं होतं. बॉयलरवर पांढरा जाड लेप होता, अ‍ॅस्बेस्टॉसचा. गावाला तो न जळणारा कापूस वाटायचा. कपाशीचा मुलूख, पांढरं, तंतूचं काही दिसलं की हात वात वळायला लागत. गोजरबाईचा नवरा उकंडराव त्या बॉयलरची आग सांभाळायचा. लेपाचे तुकडे तो घरी आणी, ती ओसरीत बसून पिंजी. तेल घालत राहिलं की तीच वात वर्षभर देवापुढं तेवायची. आयाबाया मागून न्यायच्या. उन्हाच्या तिरिपेत बारीक धूळ तरंगायची, ती गोजरबाईला तेव्हा सुंदर वाटायची.

पुढं उकंडरावाचा दम आखूड होत गेला. शेवटी तो भिंतीला टेकूनच झोपायचा. तो गेल्यावर डॉक्टरांनी बॉयलरवरच्या धुळीचं नाव घेतलं. घरातली धूळ तिची तिनं ओळखली.

आणि आज तो लेप उकलायला तिची लेक रुख्मिणी आली होती. लहानपणी आईच्या मांडीशी बसून तिनंही वाती वळल्या होत्या. आता तिला कोरडा खोकला होता.

"काऊन भेऊन राह्यली वं?" मुकादम पंजाबराव म्हणाला. "तूच तं गावाले वाती शिकवल्या."

"म्हून तं सांगून राह्यली. पोरीले कोरड्यात धाडू नका."

"अन् पाणी कोन वाहीन?"

"मी हाव नं."

तिनं विहिरीवरून बादल्या आणल्या. लेप भिजून काळवंडला. रुख्मिणीच्या नाकावर तिनं ओला पदर बांधला. "चुरा करू नको, माय. अख्खा निघू दे." ओले तुकडे गोणपाटात गेले. कुणी खराटा उचलला, तो तिनं काढून घेतला आणि ओल्या फडक्यानं फरशी पुसली.

दिवस कलला. शेवटचं पोतं शिवायचं राहिलं होतं. पंजाबरावानं वरच्या फळीवरून कोरडा मूठभर पुंजका उचलला.

"एवढा राहू दे. घरच्या देवाले."

गोजरबाई त्याच्या तळहाताकडे पाहत राहिली. उकंडरावही असाच मूठ उघडून दारात उभा राहायचा. तिनं पुंजका अलगद घेतला, बादलीत बुडवला, पोत्यात सारला, तोंड शिवलं. मग पोतं कडेवर घेऊन मागं पुरायला खणलेल्या खड्ड्याकडे निघून गेली.